सौम्य वीजप्रवाह आणि विचार करणारा मेंदू

(विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या वार्षिक मेळाव्यात मज्जाविकार व पुनर्वसन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आमच्या विभागातील एका लहानशा खोलीविषयी आम्हांला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला प्रश्न रुग्णाला चाकाच्या खुर्चीतून आत नेताना नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात : “डॉक्टर, हे शॉकचं मशीन तर नाही ना?” दुसरा प्रश्न बहुधा दूरध्वनीवरून येतो आणि त्यात भीतीचा लवलेशही नसतो : “यानं स्मरणशक्ती वाढते म्हणे. मुलगा यंदा दहावीला आहे. परीक्षेआधी आठवडाभर बसवला तर चालेल का?” यंत्र एकच, पण त्याची एकाला धास्ती वाटते, तर दुसऱ्याला भुरळ पडते. दोघांनाही ते नेमके काय करते हे कोणी नीट सांगितलेले नसते, आणि हा दोष आमचाच आहे.

यंदा या विषयावर बोलण्यास आणखी एक कारण घडले. आपल्या रुग्णालयाच्या एका जुन्या हितचिंतकांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ ‘स्मरणशक्ती संवर्धन केंद्र’ उभारण्यासाठी देणगी देऊ केली आहे. त्यांच्या मातोश्रींची अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. मुलांची नावेही त्यांना आठवेनाशी झाली होती. विश्वस्त मंडळाने या प्रस्तावावर आमचे मत मागविले. ते हितचिंतक आज सभागृहात उपस्थित आहेत आणि त्यांच्या संमतीनेच आम्ही हा उल्लेख करीत आहोत. आजचे भाषण म्हणजे त्या प्रस्तावावरील आमचे मत होय.

प्रथम भीतीचा प्रश्न. ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात तो उपचार सर्लेत्ती व बिनी या इटालियन वैद्यांनी १९३८ साली रोममध्ये सुरू केला. त्यात साधारण आठशे ते नऊशे मिलिअँपिअरचा प्रवाह काही सेकंद देऊन मेंदूत मुद्दाम झटका आणला जातो. आज तो भूल देऊनच केला जातो. आपल्या देशात भुलीवाचून तो देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. तीव्र नैराश्यात तो आजही प्राण वाचवितो, हेही येथे सांगितले पाहिजे. आमच्या खोलीतील यंत्राचा प्रवाह मात्र एक ते दोन मिलिअँपिअर एवढाच असतो. मिठाच्या पाण्यात भिजविलेले दोन स्पंजाचे तुकडे रबरी पट्ट्याने डोक्यावर बसवितात आणि घटमालेवर चालणारे एक छोटे यंत्र वीस मिनिटे त्यांतून वीज वाहू देते. रुग्ण जागा असतो, बोलत असतो. कातडीला थोडी खाज सुटते, मुंग्या आल्यासारखे वाटते, कधी जागा लाल होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात अशा तेहेतीस हजारांहून अधिक सत्रांची नोंद तपासली गेली आणि प्रचलित मर्यादेत दिलेल्या प्रवाहाने कोणालाही गंभीर इजा झाल्याचे आढळले नाही. तेव्हा भीतीचे कारण नाही. मोहाचे उत्तर देण्यास मात्र थोडा वेळ लागेल.

डोक्याला वीज लावून रोग घालविण्याची कल्पना नवी नाही. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विद्युत्‌मासा कपाळाशी धरण्यास सांगत असे. गॅल्व्हानीचा भाचा जिओव्हानी अल्दिनी याने १८०४ च्या आपल्या ग्रंथात विषण्णतेने ग्रासलेल्या रुग्णांच्या मस्तकाला व्होल्टाच्या घटमालेची अग्रे लावल्याचे लिहून ठेवले आहे. अशा प्रयोगांत खरे किती आणि भाबडेपणा किती हे ठरविण्याचे साधनच त्या काळी नव्हते, कारण जिवंत माणसाच्या मेंदूत काय बदल झाला हे मोजता येत नव्हते. ते साधन १९८५ साली मिळाले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय ठोका देऊन हाताचा स्नायू हलवून दाखविला. चुंबकाच्या या पद्धतीचा पुढे उपचार म्हणून स्वतंत्र विकास झाला आणि नैराश्यासाठी तिला २००८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आमच्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की मेंदूचा एखादा भाग किती ‘तयार’ आहे हे मोजण्याची ती जणू मोजपट्टी ठरली.

या मोजपट्टीचा उपयोग जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे मायकेल नित्शे व वाल्टर पाउलुस यांनी केला. हाताची हालचाल घडविणाऱ्या मेंदूच्या भागावर त्यांनी एक मिलिअँपिअरचा प्रवाह काही मिनिटे सोडला. धनाग्र त्या भागावर असेल तर तोच चुंबकीय ठोका स्नायूला अधिक जोराने हलवू लागला. ऋणाग्र असेल तर हालचाल मंदावली. हा फरक चाळीस टक्क्यांपर्यंत गेला होता. २००० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखविले, की दहा-बारा मिनिटांच्या प्रवाहाचा परिणाम यंत्र बंद केल्यावर तास-दीड तास टिकू शकतो. आज जगभर जे काम चालते त्याचा उगम या दोन निबंधांत आहे.

हे घडते कसे? चेतापेशीच्या आतबाहेर सुमारे सत्तर मिलिव्होल्टचा विद्युत्‌दाब असतो. तो पंधराएक मिलिव्होल्टने उतरला की पेशी संदेश पाठविते. आमच्या यंत्राने या दाबात जो बदल होतो तो एका मिलिव्होल्टच्या अंशाएवढा असतो. एवढ्याने एकही झोपलेली पेशी जागी होत नाही. जी पेशी इतरांच्या सांगण्यावरून संदेश पाठविण्याच्या बेतात होती, तिचे पारडे तेवढे इकडे किंवा तिकडे झुकते. बरे, कातडी आणि कवटी ओलांडून आत पोचते तरी किती? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात, अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच तारा बसविल्या होत्या अशा दहा रुग्णांत हे प्रत्यक्ष मोजले गेले. दोन मिलिअँपिअर देऊनही मेंदूतील विद्युत्‌क्षेत्र मीटरला एक व्होल्टपेक्षा कमीच भरले. वाटेतील कातडी व हाड मिळून प्रवाहाचा बहुतांश भाग बाहेरच्या बाहेर वळवितात.

शेतकरी कुटुंबातून आलेल्या श्रोत्यांना आम्ही हे ‘वाफसा’ या एका शब्दात सांगतो. पाऊस पडून गेल्यावर जमीन धड चिखलाची नाही आणि धड कोरडीही नाही, अशा पेरणीजोगत्या अवस्थेत येते. सौम्य प्रवाह फार तर मेंदूच्या एखाद्या तुकड्यात वाफसा आणतो. पेरणी त्याच्या हातची नाही. पेरणी म्हणजे रुग्ण त्या वीस मिनिटांत आपल्या मेंदूला जे काम करायला लावतो ते.

विचार करीत असलेल्या मेंदूवरचे प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. २००५ साली फेलिपे फ्रेग्नी व सहकाऱ्यांनी पंधरा निरोगी तरुणांना एक कठीण खेळ दिला. पडद्यावर एकामागून एक अक्षरे येतात आणि आत्ताचे अक्षर तीन अक्षरांपूर्वी आले होते का, हे सांगायचे असते. दूरध्वनी क्रमांक ऐकून तो फिरवेपर्यंत मनात धरून ठेवावा, तशी ही काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती. कपाळाच्या डाव्या भागावर धनाग्र ठेवले असता उत्तरे काहीशी अधिक बरोबर आली. २०११ साली जर्मनीतील मॅग्देबुर्गच्या संशोधकांनी अशाच प्रयोगात मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेखही काढला. धनाग्राखाली बसून आलेल्यांच्या आलेखात स्मृतीच्या कामाशी निगडित असलेल्या थीटा व आल्फा या मंद लहरींचा जोर वाढलेला होता. म्हणजे मोजता येण्याजोगे काही तरी आत बदलत होते, हे नक्की.

यावरून आपल्याला वाटेल, की वीज दिली म्हणजे मेंदू अधिक जोमाने काम करतो. आम्हांलाही तसेच वाटत असे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील मार्कुस माइन्त्सर व सहकाऱ्यांनी २०१२ आणि २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांनी ती समजूत बाजूला सारली. त्यांनी निरोगी माणसांना चुंबकीय प्रतिमाघेत्या यंत्रात निजविले आणि दिलेल्या विषयातले शब्द मोठ्याने सांगायला लावले, जसे आपल्याकडे मुलांना ‘भाज्यांची नावे सांगा’ म्हणतात. त्याच वेळी डाव्या कपाळाच्या खालच्या भागावर, जेथे शब्द शोधण्याचे काम चालते, एक मिलिअँपिअरचा प्रवाह चालू ठेवला. तरुणांच्या चुका कमी झाल्या. पण प्रतिमेत पाहिले तर त्या भागातील रक्तपुरवठ्याची धावपळ वाढण्याऐवजी कमी झाली होती. तेच काम मेंदूने कमी खर्चात केले होते.

दुसऱ्या प्रयोगातील माणसे वयस्कर होती. शब्द शोधताना तरुणांच्या मेंदूचा मुख्यतः डावा भाग राबतो. वयस्करांच्या मेंदूत उजवी बाजूही मदतीला धावून येते आणि तरीही चुका अधिक होतात. घरात कार्य असताना नवख्या माणसाने चार जणांना हाका मारून गोंधळ वाढवावा तसे ते दृश्य दिसते. प्रवाह चालू असताना या वयस्करांच्या चुका तरुणांइतक्या कमी झाल्या आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंची अतिरिक्त धावपळ ओसरली. हा परिणाम तात्पुरता होता, आणि प्रयोगातील वयस्कर मंडळी अवघी वीस होती. तरीही आमच्या मते या विषयातील हे सर्वांत बोलके निरीक्षण आहे. बाहेरून शक्ती ओतावी असे येथे काही होत नाही. चालू असलेल्या कामाची घडी थोडी नीट बसते, आणि काम चालू नसेल तर घडी बसण्यासारखे काही उरतही नाही.

आता दुसरी बाजू. लंडनमध्ये ५३ निरोगी माणसांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सुमारे निम्म्या लोकांवर प्रवाहाचा परिणाम नगण्य किंवा शून्य आढळला. प्रवाह दुप्पट केला तर परिणाम दुप्पट होतो असेही नाही. ग्यॉटिंगेनच्याच संशोधकांना २०१३ साली असे दिसले, की ऋणाग्राने एका मिलिअँपिअरला जी मंदी येते तिच्या जागी, दोन मिलिअँपिअर वीस मिनिटे दिले असता, उलट तेजी येते. त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथील तेरेसा युकुलानो व रॉय कोहेन कादोश यांनी दाखविले, की मेंदूच्या एका भागावरील प्रवाहाने नवी अंकचिन्हे शिकणे सोपे झाले, पण शिकलेले सहजगत्या वापरणे अवघड झाले. दुसऱ्या भागावर नेमके याच्या उलट घडले. दहावीच्या मुलांच्या पालकांना आम्ही हा प्रयोग आवर्जून सांगतो. २०१५ साली हॉर्वाथ व सहकाऱ्यांनी तोवरचे सारे प्रयोग एकत्र मांडून पाहिले, तेव्हा एका बैठकीच्या उद्दीपनाने निरोगी माणसाच्या बुद्धीत विश्वसनीय असा कोणताही फरक पडत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या गणिती पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. पण लहान प्रयोगांतून मोठ्या आशा काढू नयेत, एवढा धडा तरी सर्वांनीच घेतला. घरच्या घरी असली यंत्रे जोडून वापरणाऱ्या लोकांना उद्देशून संशोधकांनीच २०१६ साली एक अनावृत पत्र लिहिले आणि हे सारे धोके त्यांच्यापुढे मांडले.

आजाराच्या क्षेत्रातही कथा सरळ रेषेत चालत नाही. ब्राझीलमध्ये नैराश्याच्या २४५ रुग्णांवर केलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे उद्दीपन लटक्या उपचारापेक्षा बरे ठरले. परंतु नेहमीच्या गोळीच्या तोडीचे आहे असे सिद्ध झाले नाही. लटका उपचार म्हणजे स्पंज लावायचे, पहिल्या अर्ध्या मिनिटात खाज सुटू द्यायची आणि मग गुपचूप प्रवाह बंद करायचा. जर्मनीतील १६० रुग्णांच्या चाचणीत, २०२३ साली, गोळीच्या जोडीने दिलेले उद्दीपन लटक्या उद्दीपनापेक्षा सरस ठरले नाही. पाठोपाठ २०२४ साली इंग्लंड व अमेरिकेतील १७४ रुग्णांनी दूरच्या देखरेखीखाली घरी दहा आठवडे उपचार घेतला; त्यांत खऱ्या उद्दीपनाने सुमारे ४५ टक्के तर लटक्याने सुमारे २२ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले. आपल्याकडे बंगळूरच्या निमहान्स संस्थेत छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना ऐकू येणाऱ्या भासांवर या पद्धतीचे दीर्घकाळ काम झाले आहे. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या ७४ रुग्णांवरील अमेरिकी चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत तीन आठवडे वाचोपचार करीत असतानाच प्रवाह देण्यात आला. ही वाट निष्फळ नाही, पुढे मोठी चाचणी करण्याजोगी आहे, एवढेच तिचे माफक फलित आहे.

येथे आम्हांला आमची एक चूक सांगावयाची आहे. आमच्या खोलीत आलेल्या पहिल्या काही रुग्णांत एक निवृत्त शिक्षक होते. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडात ‘हो’ व ‘ते, ते’ एवढेच शब्द उरले होते. त्या वेळी आमच्या वाचोपचारतज्ज्ञ बाई दुसऱ्या इमारतीत बसत आणि त्यांच्या वेळा आमच्या यंत्राच्या वेळांशी जुळत नसत. आम्ही मास्तरांना पट्टा बांधत असू, दिवा मंद करीत असू आणि वीस मिनिटे शांत पडून राहण्यास सांगत असू. कुटुंबाला आम्ही “फरक पडेल” असे सांगितले होते. ते तसे सांगावयास नको होते. दोन आठवड्यांनंतर मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, “तुम्ही यांना रोज इथं निजवून ठेवता. निजायला आमच्या घरी खाट आहे, डॉक्टर.”

वर सांगितलेले बर्लिनचे प्रयोग आम्ही तेव्हा वाचलेले होते. त्यांचा अर्थ मात्र त्या बाईंच्या या वाक्याने आमच्या डोक्यात शिरला. आम्ही यंत्र उचलून वाचोपचाराच्या खोलीत नेले. प्रवाह सुरू होताच समोर चित्रे येऊ लागली : तांब्या, कात्री, छत्री, बैल. पुढे मास्तरांच्या पत्नी शाळेचे जुने छायाचित्र घेऊन आल्या, आणि चित्रांपेक्षा त्या छायाचित्राशी त्यांचे अधिक जमले. एकेका मुलावर बोट ठेवून ते नाव शोधू लागले. काही महिन्यांत पंधरा-वीस नावे आणि रोजच्या गरजेचे शब्द परत आले. ही सुधारणा विजेची, वाचोपचाराची, निसर्गक्रमाची की त्या छायाचित्राची, हे आम्ही सांगू शकत नाही. एका रुग्णावरून ते कोणालाच सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे, की त्या खोलीत मंद दिव्याखाली आम्ही त्यांचे दोन आठवडे वाया घालविले.

आता मूळ प्रस्तावाकडे येतो. बोस्टनमध्ये २०२२ साली पासष्ट ते अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या निरोगी माणसांना सलग चार दिवस प्रत्यावर्ती प्रवाह देण्यात आला आणि त्यांच्या स्मरणातील सुधारणा महिनाभर टिकलेली आढळली. देणगीदार महोदयांनी याचेच वृत्त वाचले होते. हे संशोधन आशादायक आहे. पण ती माणसे निरोगी होती. स्मृतिभ्रंशाने ज्यांच्या पेशीच झडत आहेत त्यांना अशा उद्दीपनाने गेलेली स्मृती परत मिळते, असे म्हणण्यास आज आधार नाही. त्यांच्या मातोश्रींना हा उपचार मिळाला असता तर त्यांनी मुलांना ओळखले असते, असे आम्ही त्यांना सांगू शकत नाही. ही गोष्ट त्यांच्याजवळ आधी खासगीत बोलताना आमची जीभ जड झाली होती. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “मग या पैशांचं तुम्ही काय कराल?”

त्यांना दिलेले उत्तरच येथे मांडतो. केंद्राच्या नावात ‘स्मरणशक्ती संवर्धन’ हे शब्द नसावेत. ते वाचून जी गर्दी येईल तिला देण्यासारखे आमच्याकडे काही नाही. देणगीचा मोठा भाग दोन पूर्णवेळ वाचोपचारतज्ज्ञांच्या वेतनासाठी राखून ठेवावा, म्हणजे पक्षाघाताच्या एकाही रुग्णावर तज्ज्ञावाचून पट्टा बांधण्याची वेळ येणार नाही. उरलेल्या रकमेतून दुसरे यंत्र घ्यावे, आणि ते लटका उपचारही देऊ शकणारे असावे; कारण आम्ही जे काही करू ते नीतिसमितीच्या मान्यतेने आणि तपासून पाहता येईल अशा रीतीने करणार आहोत. जोवर उपयोग सिद्ध झालेला नाही तोवर या उद्दीपनाचे शुल्क रुग्णाकडून घेऊ नये. निरोगी मुलांना परीक्षेसाठी ते देऊ नये, मागणी कोणाचीही असो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आम्ही यंत्राऐवजी आठवड्यातून दोन दिवस चालणारा दिवसकेंद्राचा वर्ग सुचविला आहे, आणि त्या वर्गाला मातोश्रींचे नाव द्यावे अशी आमची विनंती आहे. देणगीदार महोदयांनी या बदलांना मान्यता दिली आहे. अंतिम निर्णय विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेत होईल.

रुग्णांच्या नातेवाईकांना एक विनंती. वाचोपचाराला येताना रुग्णाच्या ओळखीच्या वस्तू बरोबर आणा : लग्नातली छायाचित्रे, दुकानाची वही, शेताचा सातबारा, भजनाचे पुस्तक, जे असेल ते. आमच्या कपाटातील छत्रीच्या चित्राशी त्यांची ओळख नाही. वीस मिनिटांच्या त्या बैठकीत घरातील एका माणसाला जवळ बसू देण्याची सोय आम्ही केली आहे. नोंदणी बाह्यरुग्ण विभागात सकाळी होते.